पॅरासिटामॉल किती, कधी आणि कुणाला: घरच्या घरी मिलिग्रॅमचा हिशेब

जून उजाडला की गोव्यातल्या कुठल्याही फार्मसीत दिवसभर एकच मागणी ऐकू येते: "तापाची गोळी द्या." समोरून ६५० ची पट्टी येते. गोळी कुणासाठी, हे क्वचित विचारले जाते आणि वजन तर कुणीच विचारत नाही. बहुतेकांचे त्यात काही बिघडत नाही, कारण पॅरासिटामॉल हे खरोखरच सोशिक औषध आहे. ते पोटाला जाळत नाही, रक्तस्राव वाढवत नाही. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यालाही ते चालते. रिकाम्या पोटी घेतले तरी चालते. त्यामुळे त्याच्यासोबत ॲसिडिटीची गोळी घेण्याची जी सवय लागली आहे, तिची खरे तर गरज नसते.

मात्र योग्य डोस आणि घातक डोस यांच्यातले अंतर लोकांना वाटते तेवढे मोठे नाही. धडधाकट प्रौढाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम चालते. चुकून ही रेघ ओलांडणारा माणूस मूठभर गोळ्या एकदम गिळत नाही. तो तापासाठी एक गोळी घेतो, सर्दीसाठी दुसरी, कंबरदुखीसाठी तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून "किती गोळ्या घेतल्या" हा प्रश्नच अपुरा आहे. "किती मिलिग्रॅम पोटात गेले" हे विचारायला हवे.

आधी पट्टी वाचा

क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, पॅसिमॉल ही सगळी एकाच औषधाची नावे. "डोलोने उतरला नाही म्हणून क्रोसिन घेतली" याचा अर्थ तेच औषध दुसऱ्यांदा घेतले, एवढाच. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत गोळीतले घटक छापलेले असतात. तिथे पॅरासिटामॉलपुढचा आकडा शोधा. साध्या गोळीत तो ५०० किंवा ६५० असतो आणि काही कंपन्यांच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीत १,००० सुद्धा. हळूहळू विरघळणारी गोळी कधीही मोडून किंवा चावून घेऊ नये, नाहीतर सगळे औषध एकदम सुटते.

आपल्याकडे सुट्या गोळ्या मागायची पद्धत आहे. पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीने कापून मिळते. मग नाव अर्धे राहते, मिलिग्रॅमचा आकडा भलत्याच तुकड्यावर जातो आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते. घरी डब्यात असे चार तुकडे साठले की कुठला ५०० चा आणि कुठला ६५० चा, हे सांगता येत नाही. पट्टी घेणे जमत नसेल तर पुडीवर औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदत पेनाने लिहून मागा. कुठलाही फार्मासिस्ट ते लिहून देतो. पाठकोरी, नाव नसलेली गोळी घरात सापडली तर ती पांढरी आहे, गोल आहे म्हणून "तापाचीच असणार" असे धरून घेऊ नका. ती टाकून द्या.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. घरातले कुणी आखातात असते, कुणी जहाजावर, कुणी पोर्तुगालला किंवा इंग्लंडला, आणि सुट्टीवर येताना बॅगेत औषधे येतात. पॅनाडॉल म्हणजे पॅरासिटामॉलच. अमेरिकेतल्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन लिहिलेले असते, तेही हेच. पोर्तुगालच्या बेन-उ-रॉनमध्येही हेच आणि तिथे १ ग्रॅमची गोळी अगदी सर्रास मिळते. आपल्या ५०० च्या दोन गोळ्या त्या एका गोळीत असतात. आजीच्या औषधांच्या डब्यात अशी गोळी मिसळली आणि "नेहमीसारख्या दोन" दिल्या गेल्या तर एका वेळी २ ग्रॅम पोटात जातील.

प्रौढांसाठी डोस

वजन ५० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये किमान चार तास, सहा ठेवले तर उत्तम. १,००० घेत असाल तर सहा तासच ठेवा. २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

४ ग्रॅम ही डॉक्टरांच्या नजरेखालची कमाल मर्यादा समजा. स्वतःच्या मनाने घेताना ३ ग्रॅमवर थांबावे असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यवहारात ते असे बसते: ५०० ची गोळी असेल तर चार वेळांत मिळून दिवसाला सहा, ६५० ची असेल तर चार. चार वेळा ६५० म्हणजे २,६०० मिलिग्रॅम, सर्वसाधारण तापाला पुरेसे. ६५० च्या दोन गोळ्या एकदम घेऊ नका. ते १,३०० होतात, आणि एका वेळेची मर्यादा १,००० आहे. दुप्पट गोळ्यांनी ताप दुप्पट वेगाने उतरतही नाही. गोळीचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. लोक विसाव्या मिनिटाला कपाळाला हात लावतात, "काहीच फरक नाही" म्हणतात आणि दुसरी गोळी घेतात. घोटाळा होतो तो बहुतेक इथेच.

हे २४ तास फिरते असतात. मध्यरात्री बारा वाजता हिशेब शून्यावर येत नाही. रात्री अकराला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी रात्री अकरापर्यंत खात्यावर राहते.

वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम, हा एका वेळेचा कमाल डोस. आपल्या घरातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका चाळीस किलोच्या आसपास असतात. ४० गुणिले १५ म्हणजे ६००. म्हणजे त्यांना ६५० ची गोळी जरा जास्तच होते. त्यांच्यासाठी ५०० ची गोळी आणा आणि दिवसाला चारच्या पुढे जाऊ नका. ६५० ची पूर्ण गोळी साधारण ४४ किलोच्या पुढेच शोभते.

लपलेले पॅरासिटामॉल

हा भाग नीट वाचा, कारण चूक होते ती इथेच.

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत नाक मोकळे करणाऱ्या औषधासोबत ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. अंगदुखी, कंबरदुखी, दातदुखीसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या आहेत. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत ३२५, झेरोडॉल-पी मध्ये ॲसेक्लोफेनॅकसोबत ३२५, अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉलसोबत ३२५. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्येही ते आहे. नावाच्या शेवटी "पी" किंवा "प्लस" दिसले की संशय घ्यावा. पण त्यालाही अपवाद आहे: मुलांच्या मेफ्टल-पी मध्ये पॅरासिटामॉल नसते, मेफेनॅमिक ॲसिड असते. तेव्हा नावावर जाऊ नका, घटकांची ओळच वाचा. एकाच ब्रँडच्या नावाखाली वेगवेगळ्या घटकांच्या गोळ्या निघतात आणि घटक बदलतातही.

आता एक दिवस मांडून बघू. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा साठ किलोचा माणूस आहे. ताप, सर्दी आणि जुनी कंबरदुखी, तिन्ही एकदम. तापाची ६५० ची गोळी चार वेळा घेतली: २,६००. सर्दीची ५०० वाली गोळी तीन वेळा: १,५००. आधी कधीतरी लिहून दिलेली कंबरेची गोळी सकाळ-संध्याकाळ: ६५०. एकूण ४,७५० मिलिग्रॅम. प्रत्येक पट्टीवरची सूचना त्याने तंतोतंत पाळली आहे आणि तरीही तो ४ ग्रॅमच्या बराच वर गेला. असेच तीन-चार दिवस चालले, त्यात जेवण जात नसेल आणि संध्याकाळी थोडी फेणी होत असेल, तर यकृताला धोका खरा आहे.

यावर उपाय सोपा आहे. ताप आणि सर्दी दोन्ही असतील तर सर्दीची जोडगोळी टाळा. तापाला साधे पॅरासिटामॉल घ्या आणि नाकासाठी वाफ किंवा मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. फक्त सर्दीची गोळी हवी असेल तर पॅरासिटामॉल नसलेली मागा, तशी मिळते.

दवाखान्यात टोचलेले तापाचे इंजेक्शन लोक हिशेबात धरत नाहीत. ते पॅरासिटामॉलचे असू शकते, डायक्लोफेनॅकचेही असू शकते. सलाइनमधून दिलेल्या पॅरासिटामॉलच्या छोट्या बाटलीत बहुधा १ ग्रॅम असते. इंजेक्शन घेऊन घरी येताना "हे कशाचे होते आणि आता पुढची गोळी किती वाजता?" एवढे विचारून घ्या. विचारल्याचा राग डॉक्टरांना येत नाही. आलाच तरी विचारा.

दारू, उपास आणि इतर औषधे

पॅरासिटामॉलचा मोठा हिस्सा यकृत निमूटपणे निष्प्रभ करून लघवीवाटे काढून टाकते. थोड्या हिश्शापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा शरीरातला पदार्थ त्याला लगेच बांधून ठेवतो. डोस मर्यादेत असला तर ही व्यवस्था सुरळीत चालते. डोस वाढला की विष जास्त तयार होते, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मोकळे राहिलेले विष यकृताच्या पेशी मारू लागते.

रोज पिणाऱ्याच्या शरीरात दोन्ही बाजूंनी बिघाड असतो. विष बनवणारी यंत्रणा दारूने तेज झालेली असते आणि ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. फेणी असो, मार्च ते मेमधला हुर्राक असो की बिअर, यकृताच्या दृष्टीने सगळी दारूच. रोज पिणाऱ्याने २४ तासांत २ ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना विचारावे. लग्नात कधीतरी घेतलेल्याचे सकाळी डोके धरले तर ५०० ची एक गोळी त्याला बाधत नाही. आधी पाणी मात्र भरपूर प्यावे, कारण ते डोके अर्धे तहानेनेच दुखत असते. सर्दीवर गरम पाण्यातून फेणी आणि वर तापाची गोळी, हा जुना उपाय मात्र सोडून द्यावा.

उपाशी राहण्यानेही साठा घटतो. तापात दोन-तीन दिवस अन्न जात नाही, तेव्हा हे नेमके घडते. पेज, ताक, नारळाचे पाणी, जे उतरेल ते देत राहा. काहीच पोटात जात नसेल तर डोस खालच्या टोकाला ठेवा, म्हणजे एका वेळी ५०० आणि दिवसाला २ ग्रॅमपर्यंत.

यकृताचा आजार, जुनी कावीळ, सिऱ्होसिस (यकृत घट्ट, निबर होणे) असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. क्षयाची औषधे चालू असतील किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तरीही आधी विचारा. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याला एखादी गोळी चालते, पण सलग काही दिवस पॅरासिटामॉल घेतले तर रक्त जास्त पातळ होते. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी लवकर करून घ्यावी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र इतर वेदनाशामकांपेक्षा पॅरासिटामॉलच बरे. फक्त अंतर सहा तासांपेक्षा कमी नको आणि डोस त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेला हवा.

मुलांचा डोस: वजन, बाटली, सिरिंज

मुलांत वय बघून डोस देऊ नका. तीन वर्षांचे एक मूल अकरा किलोचे असते, दुसरे सोळा किलोचे. वजन करा. घरी काटा असेल तर आधी मुलाला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. एका वेळेचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, अंतर चार ते सहा तास, २४ तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही.

हे झाले मिलिग्रॅम. पण बाटलीतून माप घ्यायचे ते मिलीलिटरमध्ये. गडबड होते ती याच फेरबदलात, कारण आपल्याकडे एकाच औषधाची तीन वेगवेगळ्या ताकदीची रूपे मिळतात. तान्ह्यांच्या थेंबांत १ मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. साध्या सिरपमध्ये ५ मिलीलिटरला १२० किंवा १२५. जास्त ताकदीच्या, "डीएस" किंवा "२५०" लिहिलेल्या बाटलीत ५ मिलीलिटरला २४० किंवा २५०. थेंबांची बाटली सर्वांत छोटी असते म्हणून ती सर्वांत सौम्य वाटते. असते ती सर्वांत कडक.

बारा किलोचे मूल घेऊ. १२ गुणिले १५ म्हणजे १८० मिलिग्रॅम, हा एका वेळेचा कमाल डोस. थेंबांतून तो १.८ मिलीलिटर होतो. १२० च्या सिरपमधून ७.५ मिलीलिटर, २४० च्या सिरपमधून ३.७५, २५० च्या सिरपमधून ३.६. समजा घरात "साडेसात मिली" हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, नेहमीची बाटली संपली आणि कुणीतरी थेंबांची बाटली उघडून त्यातून साडेसात मिली दिले. ७५० मिलिग्रॅम गेले. पूर्ण दिवसाची कमाल मात्रा ७२० आहे, ती एका घोटात ओलांडली. म्हणून नुसते मिलीलिटर पाठ करू नका. बाटलीवर पेनाने लिहा: "वजन १२ किलो, या बाटलीतून ७.५ मिली." नवी बाटली आणली की हिशेब नव्याने करा.

माप घ्यायला फार्मसीतली सुई नसलेली सिरिंज किंवा बाटलीसोबतचे टोपण वापरा. स्वयंपाकघरातल्या चमच्यांचा भरवसा नाही, एकात ३ मावते तर दुसऱ्यात ७. सस्पेन्शन असेल तर बाटली आधी चांगली हलवा. औषध तळाशी बसते, म्हणून न हलवता दिलेले पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक पडतात. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नका, खुणा वेगळ्या असतात. सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडा, थेट घशात नको.

मोठ्यांची गोळी मोडून देण्याची सवयही तपासून घ्या. अर्धी ५०० म्हणजे २५० मिलिग्रॅम, ती साधारण १७ किलोपासून पुढे बसते. अर्धी ६५० म्हणजे ३२५, ती २२ किलोपासून. पूर्ण ५०० ची गोळी चालायला मुलाचे वजन ३४ किलोच्या आसपास हवे. पहिलीतल्या मुलाला "अर्धी डोलो" देणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस एकदा परत देता येतो. त्यानंतर झाली तर परत देऊ नका, पुढच्या वेळेची वाट बघा. मूल शांत झोपले असेल तर तापाचे औषध द्यायला त्याला उठवायची गरज नसते. औषध द्यायचे ते मुलाला बरे वाटावे म्हणून. थर्मामीटरवरचा आकडा ९८.६ झालाच पाहिजे, असा हट्ट नको. गुदमार्गाने दिलेली सपोझिटरीही त्याच चार डोसांत मोजायची.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसू नका, सरळ इस्पितळात न्या. लसीनंतर किती द्यायचे ते आरोग्य केंद्रातली नर्स सांगते, तेवढेच द्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून-पालटून देण्याची फॅशन आहे. डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्या नसतील तर त्या भानगडीत पडू नका, कारण दोन घड्याळे सांभाळताना डोस हमखास चुकतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. जुनी बाटली घरात असेल तर फेकून द्या. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधेही चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत.

वही

तापाच्या दिवसांत फ्रीजवर एक कागद चिकटवा. चार रकाने: वेळ, औषधाचे नाव, मिलिग्रॅम, कुणी दिले.

सकाळी ७.००, ६५० ची गोळी, ६५०, आई.
दुपारी १.००, ६५० ची गोळी, ६५०, आजी.
संध्याकाळी ७.३०, सर्दीची गोळी, ५००, स्वतः.

तिसऱ्या ओळीनंतर बेरीज १,८००. आता रात्री दीडपर्यंत पॅरासिटामॉलचे काहीही नाही. शेवटचा रकाना वरवर फालतू वाटतो, पण घरात औषध देणारे दोघे असतात तेव्हा खरा उपयोग त्याचाच. आई कामावर जाताना देऊन जाते, आजीला ते माहीत नसते आणि तासाभरात दुसरा डोस जातो.

पावसाळ्यातला ताप

गोव्यात पावसात आलेला ताप डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) किंवा चिकुनगुनिया असू शकतो, आणि पहिल्या दोन दिवसांत घरी बसून तो ओळखता येत नाही. म्हणून निदान होईपर्यंत वेदनाशामक घ्यायचे ते फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, डिस्प्रिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, यातले काही नको. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घसरतात, आणि ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. लेप्टोत मूत्रपिंडाला मार बसतो, तिथेही ती घातकच. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आहे म्हणून ती चालेल असे समजू नका, तिच्यात आयबुप्रोफेनही आहे.

डेंग्यूचा ताप गोळीने पूर्ण उतरत नाही. १०३ चा १०१ होतो, चार तासांत परत चढतो. मग गोळ्यांमधले अंतर कमी करायचा मोह होतो. तो टाळा, कारण डेंग्यूत यकृतालाही सूज येते आणि नेमक्या त्याच वेळी जास्त पॅरासिटामॉल त्याच्यावर पडते. मधल्या वेळात कोमट पाण्याने अंग पुसा, पाणी, पेज, ओआरएस देत राहा.

दोन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासा. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत जास्त खात्रीची. भातशेतीत, कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) किंवा साचलेल्या पाण्यात काम झाले असेल आणि पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप एकदम उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत बिघडण्याची वेळ तीच असते. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी, यातले एक जरी दिसले तरी तडक इस्पितळ गाठा.

चिकुनगुनियाची सांधेदुखी आठवडेच्या आठवडे रेंगाळते. तिथे रोज मनाने गोळी घेणे योग्य नाही. एरवीही तापाला तीन दिवस आणि दुखण्याला पाच दिवस, ही स्वतःच्या उपचाराची सीमा. डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस गोळी लागत असेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर गोळीच डोकेदुखीचे कारण झालेली असू शकते.

डबा कुठे ठेवायचा

पावसात आपल्याकडे मीठही पाझरते, गोळ्यांचेही तसेच. वापरायच्या वेळेपर्यंत गोळी पट्टीतच राहू द्या. न्हाणीघर आणि चुलीजवळचे फडताळ नको. झोपायच्या खोलीतले उंच कपाट बरे, मुलांचा हात पोचणार नाही असे. फोडलेल्या सिरपवर उघडल्याची तारीख लिहा आणि मागच्या वर्षीच्या पावसातली बाटली या वर्षी वापरू नका.

जास्त गेले तर

२४ तासांत ४ ग्रॅमच्या वर गेल्याचे लक्षात आले, मुलाला भलत्या बाटलीतून डोस गेला, किंवा लहान मूल उघड्या बाटलीशी सापडले आणि किती प्यायले ते कळत नाही, तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठणठणीत असतो. फार तर मळमळ, एखादी उलटी, थोडा घाम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, मग डोळे पिवळे होतात, भान हरपू लागते. तोवर यकृताचे बरेच नुकसान झालेले असते.

यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन. तो ग्लुटाथायोनचा साठा परत भरून काढतो. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत बहुतेक वेळा वाचते. त्यानंतरही तो देतात आणि उपयोग होतो, पण खात्री कमी होत जाते. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीला पोचण्यातच बराच वेळ जातो, म्हणून "रात्र जाऊ दे, सकाळी बघू" हे इथे चालत नाही. १०८ ला फोन करा. मडगाव किंवा म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ असेल तर तिथे, नाहीतर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते, पण फोन करताना वाटेला लागलेले बरे.

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. दूध, लिंबू, हळद, काही देऊ नका. पुढचा डोस अर्थातच बंद. कुणी जाणूनबुजून घेतल्या असतील तर रागावणे, उलटतपासणी, शेजाऱ्यांपासून लपवाछपवी, यात वेळ घालवू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि आधी इस्पितळात न्या. मनाच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक नंतरही चालू असतोच.

जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्या सुद्धा, आणि बाटली पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना या गोष्टी सांगा: कुठले औषध, किती मिलिग्रॅमचे, अंदाजे किती, किती वाजता, एकदम की थोडे थोडे करून, वजन किती, दारू घेतली होती का, आणखी कुठली औषधे चालू आहेत. एकदम घेतले असेल तर रक्तातली पातळी चार तास झाल्यावरच तपासतात, त्याआधीच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून वेळ नेमकी सांगता आली तर फार उपयोग होतो. फ्रीजवरचा कागदही सोबत घ्या.